ब्राउझर हायजॅकर मुळापासून काढताना

ब्राउझर हायजॅकर म्हणजे संगणकात शिरून ब्राउझरच्या सेटिंग्ज मालकाला न विचारता बदलणारे सॉफ्टवेअर. होमपेज बदलते, नवीन टॅब उघडला की अनोळखी पान समोर येते, ॲड्रेस बारमध्ये काही शोधले की नेहमीच्या सर्च इंजिनाऐवजी भलतेच कुणी उत्तर देते. मालक सेटिंग्जमध्ये जाऊन सगळे पूर्ववत करतो, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि तेच पान पुन्हा हजर असते. या परत येण्यातच दुखण्याचे मर्म आहे. डोळ्यांना दिसणारा बदल हा केवळ परिणाम असतो. तो बदल पुन्हा पुन्हा लिहिणारे काहीतरी संगणकात दुसरीकडेच बसलेले असते. ते जागेवर असेपर्यंत ब्राउझर कितीही वेळा रीसेट केला तरी श्रम वाया जातात. बहुतेकांचा क्रम इथेच उलटा होतो, आणि मग दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारू’ म्हणून मोकळा होतो. खरे तर फॉरमॅटची वेळ क्वचितच येते.

हा सगळा उद्योग जाहिरातीच्या पैशावर चालतो. शोधलेला शब्द आधी हायजॅकरच्या पत्त्यावर जातो, तिथून दोन-तीन पत्ते फिरतो आणि बऱ्याचदा याहू किंवा बिंगच्या खऱ्या निकालपानावर येऊन थांबतो. त्या पानावरच्या जाहिरातींवर क्लिक झाले की मधल्या दलालाला वाटा मिळतो. याहू आणि बिंग यांचा त्यात हात नसतो. पण निकाल खरे दिसत असल्याने घरातल्या कुणाला महिनोन्‌महिने शंकाही येत नाही. शोधांची नोंद ठेवून ती विकणे हा दलालाचा जोडधंदा.

प्रकार जुना आहे. २००३ च्या सुमारास कूलवेबसर्च नावाच्या हायजॅकरने इंटरनेट एक्सप्लोरर वापरणाऱ्यांना फार सतावले. असे हायजॅकर शोधण्यासाठी मेरेन बेलेकॉम या डच तरुणाने हायजॅकधिस हे छोटे साधन लिहिले. २००७ मध्ये ते ट्रेंड मायक्रोने विकत घेतले. पुढचा काळ टूलबारांचा. बॅबिलॉन, कॉन्ड्युइट, आस्क ही नावे त्या काळच्या संगणकांवर घरोघर दिसत. जावाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येसुद्धा आस्क टूलबारच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असे. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल या हायजॅकरचा अहवाल दिला, त्यात जगभरात २५ कोटी आणि भारतात अडीच कोटी संगणक बाधित असल्याचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने तो अंदाज फुगवलेला असल्याचे सांगितले, पण फायरबॉल नव्हताच असे कुणी म्हटले नाही. २०२० मध्ये ॲड्रोझेक आला. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि यांडेक्स या चारही ब्राउझरांत तो शिरत असे आणि शोधाच्या निकालांतच स्वतःच्या जाहिराती पेरत असे. ‘क्विकऑडिओ’, ‘ऑडिओलाव्हा’ अशी निरुपद्रवी नावे घेऊन तो प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये बसे, ब्राउझरच्या मूळ फाइलींत फेरफार करी आणि ब्राउझरचे अपडेटही बंद पाडी. फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड तो चोरत असल्याचेही आढळले. त्यामुळे ‘नुसत्या जाहिराती तर दाखवतो’ म्हणून हायजॅकरकडे काणाडोळा करणे आता परवडणारे नाही.

हायजॅकर आहे की दुसरेच काही

उपाय सुरू करण्याआधी दुखणे नक्की कोणते हे ठरवावे. हायजॅकरसारख्या भासणाऱ्या तीन गोष्टी घराघरांत आढळतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आणि सोपा आहे.

पहिली म्हणजे नोटिफिकेशन. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘संगणकात पाच व्हायरस सापडले’, ‘तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली’ असे फलक उगवत राहतात. फलकावर बारीक अक्षरांत एखाद्या वेबसाइटचे नाव असते. संगणकात काहीही शिरलेले नसते. कधीतरी सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना फुकट पाहताना ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ अशी सूचना आली होती आणि ती कुणीतरी पाळली होती, एवढेच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथे जावे. परवानगी दिलेल्या साइटांच्या यादीतून अनोळखी नावे काढून टाकली की उपद्रव त्याच क्षणी थांबतो. याच पानावर, कोणत्याही साइटने नोटिफिकेशनची परवानगीच मागू नये, असाही पर्याय असतो. घरच्या संगणकावर तो निवडावा. त्यामुळे अडत फारसे काही नाही.

दुसरी गोष्ट पडदाभर पसरणाऱ्या खोट्या इशाऱ्याची. मायक्रोसॉफ्टचे बोधचिन्ह, भोंग्याचा आवाज, ‘संगणक बंद करू नका’ अशी ताकीद आणि फोन करण्यासाठी एक क्रमांक. हे निव्वळ एक वेबपान असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपची कळ दाबून धरली तर बहुधा पडदा लहान होतो. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर तिथून बंद करावा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू का असे विचारले जाते, तिथे नकार द्यावा. त्या क्रमांकावर फोन केला आणि पलीकडच्याने सांगितले म्हणून एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसवले, तर मात्र प्रकरण हायजॅकरच्या फार पुढे जाते.

तिसरी गोष्ट राउटरची. त्याच वाय-फायवरच्या मोबाइलमध्येही पाने भलतीकडे जात असतील आणि मोबाइल डेटा सुरू करताच सारे सुरळीत होत असेल, तर दोष संगणकात नसून राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये असण्याचा संभव मोठा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा अंकांतला पत्ता सांगणारी यंत्रणा. ती बदलली की सगळ्या घराची वाहतूक चोराच्या हातात जाते. डीएनएसचेंजर या टोळीने असे सुमारे ४० लाख संगणक आपल्या सर्व्हरांकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयच्या कारवाईत ती टोळी एस्टोनियात पकडली गेली. पण ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो घरांचे इंटरनेटच गेले असते, म्हणून ते ९ जुलै २०१२ पर्यंत सरकारी देखरेखीखाली चालू ठेवावे लागले. राउटर बाधित वाटल्यास तो फॅक्टरी रीसेट करावा. फायबर जोडणीच्या राउटरमध्ये रीसेटनंतर सेवा पुरवणाऱ्याची माहिती पुन्हा भरावी लागते, तेव्हा त्यांच्या माणसाशी आधी बोलून घेणे बरे. रीसेटनंतर राउटरचा मूळचा, डब्यावर छापलेला ॲडमिन पासवर्ड न चुकता बदलावा.

या तिन्हींपैकी काही नसेल आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर सेटिंग्ज पुन्हा बिघडत असतील, तर तो हायजॅकर समजावा.

हात घालण्यापूर्वी

या संगणकावरून बँकेचे व्यवहार तूर्त बंद ठेवावेत. कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेत, बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवावेत. उतरवलेले इन्स्टॉलर मात्र त्या डिस्कवर घेऊ नयेत, कारण आजार बऱ्याचदा त्यांच्यातच असतो. बळजबरीने उघडणाऱ्या पानाचा पत्ता कागदावर लिहावा आणि हा प्रकार साधारण कोणत्या दिवशी सुरू झाला ते घरातल्या सगळ्यांना विचारावे. ही तारीख पुढे फार उपयोगी पडते. मुलांना विचारताना आवाज चढवू नये. रागावण्याच्या भीतीने दडवलेली माहिती शोधायला दुप्पट वेळ लागतो.

मदत शोधायची ती मोबाइलवर शोधावी, कारण ज्या ब्राउझरचे सर्च इंजिनच चोराच्या हाती आहे त्याच्या निकालांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. त्यातही सावध राहावे. हायजॅकरचे नाव टाकून ‘कसा काढावा’ असे शोधले की ढिगाने पाने मिळतात, आणि त्यांतली पुष्कळशी एखादे साधन विकण्यासाठीच लिहिलेली असतात. ते साधन संगणक फुकट तपासते, शेकडो धोके सापडल्याचे लाल अक्षरांत सांगते आणि काढण्यासाठी पैसे मागते. घरच्या संगणकावरचा हायजॅकर काढायला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

परत लिहिणारा हात शोधणे

सुरुवात बसवलेल्या प्रोग्रॅमांपासून करावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स आणि विंडोज १० मध्ये ॲप्स अँड फीचर्स या ठिकाणी यादी मिळते. ती बसवल्याच्या तारखेनुसार लावावी आणि कागदावर लिहिलेल्या तारखेच्या आसपास काय आले ते पाहावे. एका दिवशी, एकाच वेळी तीन-चार अनोळखी नावे आलेली दिसली तर तीच ती टोळी. पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, हवामान दाखवणारे, कूपन देणारे, संगणकाचा वेग वाढवणारे असे काहीतरी त्यात सापडते. यादीतल्या प्रत्येक अनोळखी नावावर मात्र तुटून पडू नये. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या पाच-सहा नोंदी पाहून पुष्कळजण दचकतात; त्या निर्दोष असतात आणि काढल्या तर दुसरे प्रोग्रॅम बंद पडतात. शंका आल्यास प्रकाशक कंपनीचे नाव मोबाइलवर तपासावे.

अनइन्स्टॉल करतानाचा प्रत्येक पडदा वाचावा. हायजॅकरचे अनइन्स्टॉलर फार चलाख असतात. ‘सध्याचे सर्च सेटिंग कायम ठेवा’ या चौकटीत आधीच खूण असते, ‘काढू नका’ हे बटण मोठे आणि रंगीत असते, तर ‘काढा’ हे फिकट अक्षरांत कोपऱ्यात. घाईने पुढे-पुढे दाबणाऱ्याच्या संगणकात जाता जाता आणखी एखादा प्रोग्रॅमही बसतो.

त्यानंतर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम. आजकालचे बहुतेक हायजॅकर याच रूपात येतात. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या पानावर प्रत्येकाच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘सोर्स’ अशी ओळ असते. तिथे क्रोम वेब स्टोअरचे नाव नसून संगणकावरच्या एखाद्या फोल्डरचा पत्ता दिसला, तर ते एक्स्टेन्शन दुसऱ्या कुणीतरी आणून बसवलेले आहे. काढण्याआधी तो पत्ता टिपून घ्यावा, म्हणजे मागाहून फोल्डरही उडवता येतो. वेब स्टोअरमधून आलेले एक्स्टेन्शनही आयुष्यभर विश्वासाचे राहतेच असे नाही. न वापरातले टॅब झोपवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांचे आवडते एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ कर्त्याने विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून काढून टाकावे लागले. वापरणाऱ्यांच्या बाजूने काहीच बदलले नव्हते. मालक तेवढा बदलला होता. म्हणून जे एक्स्टेन्शन रोज लागत नाही ते ठेवूच नये.

काही एक्स्टेन्शनांना काढण्याचे बटणच नसते आणि मेन्यूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसते. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर ही ओळ असणे योग्यच आहे, आणि तिथे काही करायचे ते कंपनीच्या आयटी विभागाने करायचे. पण घरच्या संगणकाला कसली आली संस्था? कंपन्यांना आपल्या शेकडो संगणकांवर एकाच जागेवरून नियम लावता यावेत म्हणून पॉलिसीची सोय आहे, आणि हायजॅकर तीच वापरून स्वतःचे एक्स्टेन्शन सक्तीचे करतो. क्वचित चांगला अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतो, म्हणून आधी पाहावे, मग तोडावे. ॲड्रेस बारमध्ये क्रोम हा शब्द, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी हा शब्द इंग्रजीत लिहिले की लागू असलेल्या पॉलिसींची यादी दिसते. तिच्यात एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट किंवा डिफॉल्ट सर्च प्रोव्हायडर ही नावे अनोळखी पत्त्यांसह असतील, तर चोर सापडला.

या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात असतात. विंडोज आणि आर या कळा दाबून रेजएडिट लिहिले की रजिस्ट्री एडिटर उघडतो. लोकल मशीन आणि करंट युजर या दोन्ही शाखांत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने गेल्यावर त्या दिसतात. एजच्या नोंदी त्याच वाटेवर मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये. काढण्याआधी फाइल मेन्यूतून त्या भागाची एक्स्पोर्ट प्रत घ्यावी, मग फक्त क्रोम नावाची ती एक की काढावी. रजिस्ट्रीत दुसरीकडे कुठेही हात लावू नये. ज्याला हे अवघड वाटते त्याने ही पायरी सोडून पुढे जावे. खाली सांगितलेली साधने बऱ्याचदा हेच काम करतात.

आता आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातली अनोळखी नावे बंद करावीत. पण खरी मेख टास्क शेड्युलरमध्ये असते, आणि तिकडे कुणी फिरकत नाही. ठरावीक वेळी ठरावीक काम करवून घेण्याची ही विंडोजची सोय. हायजॅकर तिच्यात दर काही मिनिटांनी चालणारे काम टाकून ठेवतो. २०२२ मध्ये गाजलेला क्रोमलोडर असाच. क्रॅक केलेले गेम आणि सिनेमे यांच्या नावाखाली आयएसओ फाइल उतरवली जाई, तिच्यातून शेड्युलरमध्ये पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनाचे काम बसे आणि ते काम ब्राउझरमध्ये पुन्हा पुन्हा एक्स्टेन्शन घाली. एक्स्टेन्शन काढणारे थकून गेले, कारण मूळ शेड्युलरमध्ये होते.

शेड्युलर उघडून लायब्ररीतली प्रत्येक नोंद निवडावी आणि खालच्या ‘ॲक्शन्स’ या भागात ती काय चालवते ते पाहावे. ब्राउझर आणि त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता, पॉवरशेल आणि त्यापुढे निरर्थक अक्षरांची लांबलचक माळ, किंवा ॲपडेटा फोल्डरमधली विचित्र नावाची फाइल, अशा तऱ्हेची नोंद लगेच डोळ्यांत भरते. तिच्यावर उजवे क्लिक करून आधी ‘डिसेबल’ करावे. दोन दिवस सगळे ठीक चालले तर काढून टाकावे. मायक्रोसॉफ्टच्या उपफोल्डरातल्या नोंदींना धक्का लावू नये. ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स हे मोफत साधन आहे. आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट ते एकाच यादीत दाखवते, आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडला की यादी आवाक्यात येते.

शॉर्टकटही एकदा पाहून घ्यावेत. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ ही ओळ वाचावी. ब्राउझरच्या फाइलीच्या नावापुढे एखादा वेबपत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसावा. प्रोफाइल डिरेक्टरी असा मजकूर असल्यास तो निर्दोष असतो. टास्कबारवरचा शॉर्टकट वेगळा असतो, तो काढून नव्याने पिन करणे सोपे.

तपासणी आणि रीसेट

हाताने एवढे झाल्यावर तपासणीचे साधन चालवावे. विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन इथे ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू आहे ना ते आधी पाहावे. हायजॅकर बऱ्याचदा व्हायरस म्हणून धरला जात नाही, कारण त्याच्या अटी-शर्तींवर कुणीतरी ‘सहमत’ दाबलेले असते. त्यामुळे हे बटण बंद असेल तर डिफेंडर त्याला सोडून देऊ शकतो. मग पूर्ण स्कॅन करावा, त्याला काही तास लागू शकतात. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन. त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात.

दुसरे मत म्हणून मालवेअरबाइट्स कंपनीचा ॲडडब्ल्यूक्लीनर वापरावा. तो मोफत आहे, बसवावा लागत नाही आणि नेमका हायजॅकर, टूलबार व जाहिरातबाज सॉफ्टवेअर यांच्यासाठीच बनवलेला आहे. तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवावा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचेही साधन आहे. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचे सफाईचे साधन होते. गूगलने ते मार्च २०२३ मध्ये बंद केले, तेव्हा जुन्या लेखांतला तो सल्ला आता निरुपयोगी. पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. ते एकमेकांत अडकतात आणि संगणक रांगू लागतो.

आता, आणि आताच, ब्राउझर रीसेट करावा. पण त्याआधी सिंक बंद करावे. गूगल खात्याने साइन इन केलेले असते तेव्हा एक्स्टेन्शन आणि सेटिंग्ज त्या खात्यातही साठवलेल्या असतात. संगणक फॉरमॅट केला तरी साइन इन करताच जुने एक्स्टेन्शन परत उतरते, आणि मालकाला वाटते की हायजॅकर हार्ड डिस्कमध्ये मुरला आहे. सिंक बंद करून ब्राउझर स्वच्छ करावा, एक्स्टेन्शनची यादी तपासावी, मगच पुन्हा चालू करावे. त्याच खात्याने ऑफिसचा किंवा दुसरा संगणक जोडलेला असेल तर तिथलेही एक्स्टेन्शन काढावे लागते.

क्रोम आणि एज या दोन्हींमध्ये सेटिंग्जच्या यादीत ‘रीसेट सेटिंग्ज’ असते. क्रोमच्या रीसेटने होमपेज, नवीन टॅब आणि सर्च इंजिन मूळ स्थितीला येतात, एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज पुसल्या जातात. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. एक्स्टेन्शन नुसती बंद होतात, काढली जात नाहीत, ती हाताने काढावीत. फायरफॉक्समध्ये हेल्प मेन्यूतून ट्रबलशूटिंग माहितीच्या पानावर ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हे बटण मिळते. जुनी माहिती तो डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवून देतो. ॲड्रोझेकसारख्याने ब्राउझरच्या फाइलीच बदललेल्या असू शकतात, म्हणून रीसेटनेही वागणे सुधारले नाही किंवा ब्राउझर अपडेटच होईना, तर तो पूर्ण काढून अधिकृत साइटवरून पुन्हा बसवावा.

घरच्या संगणकावर आई-वडील, मुले यांची वेगवेगळी खाती असतात, आणि एकाच ब्राउझरमध्ये अनेक प्रोफाइलही असतात. ही सफाई प्रत्येकात करावी लागते. एक राहिले की तक्रार पुन्हा सुरू.

शेवटी तीन जागांवर नजर टाकावी. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी इथे ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ घरच्या संगणकावर बंद असावे. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेवरची होस्ट्स ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. # या चिन्हाने सुरू न होणाऱ्या ओळींत गूगल किंवा अँटिव्हायरस कंपन्यांची नावे असतील तर त्या ओळी काढाव्यात. आणि नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना ते पाहावे.

मॅकवरही क्रम हाच, जागा वेगळ्या. ॲप्लिकेशन्स फोल्डर, सफारीची एक्स्टेन्शन, लॉगिन आयटम्स, लायब्ररीतला लाँचएजंट्स फोल्डर आणि सिस्टम सेटिंग्जमधली प्रोफाइल्स. घरच्या मॅकवर अनोळखी प्रोफाइल असणे हीच विंडोजमधल्या त्या ‘ऑर्गनायझेशन’ची खूण.

तरीही न गेल्यास

एवढे करूनही हायजॅकर परतला तर आणखी दहा साधने चालवण्यात दिवस घालवू नये. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे ‘रीसेट धिस पीसी’ आहे. विंडोज १० मध्ये तो अपडेट अँड सिक्युरिटी या विभागात असतो. ‘कीप माय फाइल्स’ निवडले की कागदपत्रे राहतात आणि प्रोग्रॅम सगळे जातात. ‘क्लाउड डाउनलोड’ निवडल्यास विंडोजची ताजी प्रत थेट मायक्रोसॉफ्टकडून उतरते. दुरुस्तीवाल्याच्या पेन ड्राइव्हवरच्या प्रतीपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, कारण त्या पेन ड्राइव्हवर विंडोजसोबत बहुधा क्रॅक करणारा ॲक्टिव्हेटर असतो. तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि पुढच्या हायजॅकरला दार तिथेच उघडे मिळते.

संगणक स्वच्छ झाल्यावर पासवर्ड बदलावेत. सुरुवात ईमेलपासून, मग बँक, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करावे, कारण चोरलेली कुकी हाती असेल तर पासवर्ड न जाणताही खात्यात शिरता येते. पैसे गेल्याचे लक्षात आले तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

पुन्हा असे होऊ नये यासाठी एक बदल सगळ्यांत उपयोगी पडतो. रोजच्या वापराचे खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ न ठेवता ‘स्टँडर्ड’ करावे आणि ॲडमिनचा पासवर्ड घरातल्या एकाच व्यक्तीकडे असावा. सगळे हायजॅकर याने अडत नाहीत, पण संपूर्ण संगणकाला लागू होणाऱ्या पॉलिसी त्यांना लिहिता येत नाहीत. इन्स्टॉल करताना ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ निवडून प्रत्येक चौकट वाचावी. प्रोग्रॅम त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवावा. शोधाच्या निकालात सगळ्यांत वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली जागा पैसे देऊन मिळते, ती मूळ साइटचीच असते असे नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा ज्या संगणकात शक्य आहे तिथे विंडोज ११ घ्यावे.

मराठी घरांत अनोळखी फाइली येण्याची एक खास वाट आहे: मराठी फाँट, टायपिंग शिकवणारे प्रोग्रॅम आणि फाँट कन्व्हर्टर. परीक्षेचा अर्ज किंवा सोसायटीचे पत्र मराठीत टाइप करायचे म्हणून कुठल्यातरी साइटवरून असे काही उतरवले जाते आणि सोबत नको ते येते. साध्या मराठी टायपिंगसाठी त्याची गरज नाही. युनिकोड मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आहेच आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये आहे. सेटिंग्जच्या भाषा विभागात मराठी निवडून तो चालू करता येतो.